पिंप भरेपर्यंत

कॉलेज संपल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी मला सकाळी नऊला जाग आली आणि घरात कुणी काहीच बोललं नाही. तीन वर्षं कोल्हापुरात हॉस्टेलला काढलेली, साडेसातचं लेक्चर, ७५ टक्के अटेंडन्स, मेस नऊला बंद आणि नऊला पाच कमी असताना पोचलं तर भाजीतल्या फोडी संपून नुसता रस्सा उरलेला, गेटवरच्या वहीत सही, सहीपुढं वेळ. सगळा दिवस दुसऱ्या कुणीतरी आखून द्यायचं आणि आपण त्याला शिव्या घालत तो पाळायचा. आता कुणी आखणार नव्हतं. मी कूस बदलून परत झोपले, काय सुख होतं ते.

हे सुख साधारण दहा दिवस टिकलं. अकराव्या दिवशी आईनं गवारीची पाटी समोर ठेवली आणि म्हणाली, अगं रिकामीच आहेस ना, तेवढी मोडून ठेव.

हे 'रिकामीच आहेस ना' फार डेंजर वाक्य आहे. मी बँकेच्या परीक्षांची तयारी करत होते, म्हणजे करणार होते, पण घरात बसून पुस्तक घेतलेली मुलगी कुणाला कामात दिसतच नाही. भाऊ बारावीला. तो पुस्तक छातीवर ठेवून घोरत असला तरी त्याच्या खोलीबाहेरून सगळे चवड्यावर चालतात. माझं मात्र तसं नाही, मी ग्रॅज्युएट. ग्रॅज्युएट मुलगी घरात असणं म्हणजे घरातच सेतू केंद्र उघडल्यासारखं आहे, पप्पांचं पासबुक भरून आणायचं, लाईट बिल ऑनलाइन भरायचं, काकांचा सातबारा काढायचा, आत्याच्या फोनमधले गुड मॉर्निंगचे फोटो डिलीट करून जागा करून द्यायची (त्यातले निम्मे तिला परत पाहिजे असतात), सिलेंडरवाला येणार म्हणून बारा ते चार घरात थांबायचं. एकही काम दहा मिनिटांच्या वर नसतं, त्यामुळं कुणाला नाहीही म्हणता येत नाही, आणि संध्याकाळी बघावं तर दिवस संपलेला असतो नि पुस्तक पान नंबर १४ वरच उघडं.

मग मी टाईमटेबल केलं. सगळेच करतात. पहाटे साडेपाच ते रात्री साडेदहा, गणित गुलाबी, रीझनिंग हिरवं, इंग्रजी निळं, कपाटाच्या दारावर चिकटवलं. दुसऱ्या दिवशी साडेपाचचा अलार्म सहाला बंद केला, तो गुलाबी चौकोन गेला म्हणून आता सातपासून नीट करू असं ठरवलं, सात गेले म्हणून आठपासून, आणि साडेनवाला असं ठरलं की आज गुरुवारच आहे, सोमवारपासूनच सुरू केलेलं बरं.

गंमत म्हणजे कॉलेजात मी अशी नव्हते. लेक्चर बंक करून रंकाळ्यावर बसायचो तेव्हाही माझ्याकडं पिशवीत नोट्स असायच्या आणि त्या मी वाचायचे, खरंच. चोरलेला वेळ होता ना तो, मग त्याचं काहीतरी सोनं करावंसं वाटायचं. आता बंक मारायचं तर कशाला मारायचं? लेक्चरच नाही. सगळा दिवस रंकाळाच आहे आणि भेळवाला तेवढा नाही.

त्यातून ही परीक्षाच अशी की ज्ञानापेक्षा घड्याळाची जास्त. क्लार्कच्या प्रिलिमला १०० प्रश्न, ६० मिनिटं. इंग्रजीचे ३०, गणिताचे ३५, रीझनिंगचे ३५, प्रत्येकाला वीस-वीस मिनिटं, वेळ संपली की तो भाग बंद, मागं जाता येत नाही, आणि उत्तर चुकलं तर पाव मार्क कापणार. म्हणजे एका प्रश्नाला छत्तीस सेकंद. जिला सकाळी ब्रश करायला जायचं की आधी चहा प्यायचा हे ठरवायला अर्धा तास लागतो तिनं छत्तीस सेकंदांत सांगायचं की अ हा ब च्या डावीकडं तिसरा बसला असेल तर ग कुठं बसला. मला वाटतं घरी राहून या परीक्षेची तयारी करणं म्हणजे तळ्याकाठी बसून एसटी पकडायची प्रॅक्टिस करण्यासारखं आहे.

मैत्रिणीनं पोमोदोरो सांगितलं. फ्रान्चेस्को चिरिलो म्हणून एक इटालियन, १९८०च्या दशकाच्या शेवटी कॉलेजात शिकत होता आणि त्याचंही अभ्यासात लक्ष लागत नव्हतं (हे वाचून मला फार बरं वाटलं), तर त्यानं स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं टायमर घेतलं आणि त्यावर वेळ लावून अभ्यास करायला लागला. पुढं त्याची पद्धत झाली, पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं सुट्टी, अशा चार फेऱ्या झाल्या की मोठी सुट्टी. इटालियनमध्ये पोमोदोरो म्हणजे टोमॅटो. मी मोबाईलवर टायमर लावला, आणि मोबाईलवर टायमर लावणं म्हणजे उपासाच्या दिवशी फरसाणाच्या दुकानात बसून जप करणं. पाच मिनिटांच्या सुट्टीतून मी एकदा सव्वा तासानं परत आले, तोपर्यंत एका बाईनं अख्खं फ्रीज आवरून दाखवलं होतं.

मग मोबाईल बाजूला ठेवून कुकरच्या शिट्ट्यांवर वेळ मोजायचा प्रयत्न केला. पण शिट्ट्या गॅस, डाळ आणि कुकरचा मूड यावर अवलंबून असतात, आणि शिट्ट्या मोजतेयस म्हटल्यावर गॅस बंद करायची जबाबदारी माझीच झाली, पाठोपाठ फोडणीची.

आजीला हे पंचवीस मिनिटांचं सांगितलं तर ती म्हणाली, म्हंजी घटकाभरच की गं. मी हसले. नंतर बघितलं तर खरंच, दिवसाच्या साठ घटका, एक घटका चोवीस मिनिटांची. त्या इटालियनाच्या टोमॅटोत आणि आजीच्या घटकेत फक्त एका मिनिटाचा फरक! घटकेची साठ पळं, म्हणजे एक पळ चोवीस सेकंदांचं, म्हणजे माझ्या परीक्षेतल्या एका प्रश्नाला बरोब्बर दीड पळ. आजीच्या लग्नात भटजींनी पाण्यानं भरलेल्या घंगाळात तांब्याची वाटी सोडली होती म्हणे, बुडाला बारीक भोक असलेली, त्यातून पाणी हळूहळू आत येतं आणि घटका झाली की वाटी भरून बुडते. घटका भरली म्हणतात ते यावरनंच. लीलावतीची गोष्ट शाळेत ऐकलेली असते ना आपण, भास्कराचार्यांच्या मुलीची, ती वाकून घटिकापात्रात बघायला जाते नि तिचा मोती पडून भोक बुजतं, वाटी काही भरत नाही आणि मुहूर्त निघून जातो. दंतकथाच आहे, पण मला ती आता जरा जास्तच कळते. माझ्या वाटीत मोती नाही एवढंच, साडेसहा इंची स्क्रीन पडलीय.

त्याच आठवड्यात आईचा खांदा धरला आणि पाणी भरायचं काम माझ्याकडं आलं. आमच्या गावात पाणी दिवसाआड येतं, पहाटे सहाच्या सुमारास, तासभर. आमच्या घराला एवढी एकच गोष्ट वेळेवर असते आणि ती रिकामी-बिकामी बघत नाही, उठला नाहीत तर दोन दिवस आंघोळीचे वांदे. पाइप पिंपात सोडायचा आणि तिथंच पायरीवर बसून राहायचं, कारण पिंप भरलं की पाइप लगेच दुसऱ्यात टाकावा लागतो. मोबाईल न्यायची सोय नाही, हात ओले असतात आणि एकदा एक मोबाईल पिंपात गेलेला आहे, तो कुणाचा ते जाऊ दे. पहिल्या दिवशी नुसती बसले. पाण्याचा आवाज आधी पोकळ येतो, मग भरत जाईल तसा जड होत जातो, ते ऐकत. दुसऱ्या खेपेला पप्पांचं मनगटी घड्याळ घातलं होतं, सहज बघितलं तर मोठं पिंप भरायला वीस मिनिटं लागली.

वीस मिनिटं!

तिसऱ्या खेपेला मी गणिताचा संच आणि पेन्सिल घेऊन पायरीवर बसले. पस्तीस प्रश्न, पिंप भरेपर्यंत. एकवीस झाले, त्यातले सहा चुकले. मग छोटं पिंप, त्याला बारा मिनिटं, त्यात रीझनिंगचे सोडवले. हंडे-कळश्यांना मिनिटभर पण लागत नाही, तिथं शब्दार्थ. सात वाजता आत आले तर माझा जेवढा अभ्यास झालेला होता तेवढा आधीच्या चार दिवसांत मिळून नव्हता झाला, आणि मुख्य म्हणजे त्या तासात मला कुणीच, अगदी कुणीच, गवार मोडायला सांगितली नव्हती. पाणी भरणारी बाई कामात आहे हे घरात सगळ्यांना दिसतं.

आता वांदा एवढाच आहे की पाणी दिवसाआड येतं. कोरड्या दिवशी मी पहाटे उठून रिकाम्या पिंपाशेजारी बसून बघितलं, पप्पांचं घड्याळ लावून, पण नाही जमलं, पाच प्रश्नांनंतर डुलकी लागली. ते टाईमटेबल मी कपाटावरून काढलं नाहीये. आईनं त्याच्या मागच्या बाजूला दुधाचा हिशोब लिहायला सुरुवात केलीय.

काल आत्याचा फोन आला, मग, सध्या काय चाललंय? मी म्हटलं, पाणी भरतेय. ती हसली आणि म्हणाली, रिकामीच आहेस ना, मग ये की चार दिवस इकडं राहायला. मी विचारलं, तुमच्याकडं पाणी कसं येतं? चोवीस तास, ती म्हणाली.

मी म्हटलं, नको मग, परीक्षा झाल्यावर बघू.