बेकारी भत्त्याची पात्रता ठरते ती हजेरीच्या आकड्यांवर

वागळे इस्टेट असो, दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंतचा ठाणे-बेलापूर पट्टा असो की तळोजा, कंपनीचं गेट बंद झालं की कामगाराला आधी पीएफ आठवतो. पगारातून दर महिन्याला ईएसआयसीचेही, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाचेही, पैसे कापले गेलेले असतात आणि त्यातून बेकारीच्या काळात काही रक्कम मिळू शकते, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. ज्यांच्या येतं, त्यांचा अर्ज पात्रतेच्या तपासणीत अडकतो. अर्ज भरताना काही चुकलं म्हणून अडकतो असं क्वचितच होतं. ठेकेदाराने वर्ष-दीड वर्षापूर्वी ईएसआयसीच्या पोर्टलवर काय भरलं, यातच निकाल जवळपास लागून गेलेला असतो. म्हणून ही तपासणी कशी चालते ते नोकरी शाबूत असतानाच समजून घ्यायला हवं.

योजनेचं नाव अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. कर्मचारी राज्य विमा महामंडळाने ती १ जुलै २०१८ पासून प्रायोगिक म्हणून सुरू केली. सुरुवातीला सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के रक्कम मिळायची आणि नोकरी गेल्यावर ९० दिवस थांबावं लागायचं. कोविडच्या टाळेबंदीत, २०२० साली, हा दर ५० टक्के झाला आणि थांबण्याची अट ३० दिवसांवर आली. जास्तीत जास्त ९० दिवसांचे पैसे मिळतात, तेही आयुष्यात एकदाच. ही शिथिलता कायमची नाही, मुदतवाढ मिळत मिळत ती पुढे चालली आहे. त्यामुळे अर्जाच्या दिवशी कोणती मुदत आणि कोणत्या अटी लागू आहेत ते ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात विचारूनच पुढे जावं.

आधी स्वतःचं दार तपासा. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत (अपंग कामगारांसाठी २५,०००) असेल, स्लिपवर ०.७५ टक्के ईएसआय कपात दिसत असेल आणि दहा आकडी विमा क्रमांक असेल, तर तुम्ही योजनेच्या कक्षेत आहात. ईएसआयसीत भरल्या जाणाऱ्या या हप्त्याला अंशदान म्हणतात आणि त्याचा हिशेब सहा-सहा महिन्यांच्या अंशदान कालावधीत होतो. अशा कालावधीच्या मधेच पगार २१,००० च्या वर गेला, तरी तो कालावधी संपेपर्यंत कपात चालू राहायला हवी. पगारवाढ झाल्या महिन्यापासूनच कपात बंद करणारे ठेकेदार आहेत, आणि त्यामुळे कामगाराचे दिवस कमी भरतात.

तपासणीत सगळ्यात आधी दिवस मोजतात. ईएसआयसीचं वर्ष दोन तुकड्यांत मोडतं: १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. या प्रत्येक तुकड्याला अंशदान कालावधी म्हणतात. २०२० मध्ये शिथिल झालेली अट अशी: बेकारीच्या आधी किमान दोन वर्षं विम्याखालची नोकरी हवी, नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या कालावधीत किमान ७८ दिवसांचं अंशदान हवं, आणि त्या दोन वर्षांतल्या उरलेल्या तीन कालावधींपैकी निदान एकात पुन्हा ७८ दिवस हवेत. समजा ५ नोव्हेंबरला काम सुटलं. मग आधी पाहायचा तो एप्रिल ते सप्टेंबर, आणि त्यामागचे तीन.

सहा महिन्यांत ७८ दिवस ऐकायला सोपं वाटतं. महिन्याला १३ दिवस लागले की झालं. पण ठेकेदाराने महिन्याला १२ दिवस दाखवले तर सहा महिन्यांचे ७२ होतात आणि माणूस अपात्र ठरतो, मग प्रत्यक्षात त्याने २६ दिवस ड्युटी केलेली का असेना. कमी दिवस आणि कमी मजुरी दाखवून अंशदान वाचवायचं, उरलेला पगार रोख द्यायचा, ही पद्धत हाउसकीपिंग, सिक्युरिटी आणि पॅकिंगच्या कामात सर्रास चालते. रोख मिळालेला पैसा त्या दिवशी बरा वाटतो. पण आजारपणाचा लाभही अशाच ७८ दिवसांवर ठरतो, म्हणजे फटका दोन्हीकडून बसतो. माझ्या मते बेकारी भत्त्याच्या बाबतीत कामगाराचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं.

दिवस कोणते धरायचे, यातही घोळ होतो. ज्या दिवसाची मजुरी दिली किंवा द्यायची आहे तो दिवस मोजला जातो. म्हणजे पगारी रजा आणि पगारी साप्ताहिक सुट्टीही त्यात येते. बिनपगारी सुट्ट्या येत नाहीत, आणि आजारपणात महामंडळाकडून रोख लाभ घेतलेले दिवस मजुरीचे नसल्याने तेही सुटतात. लांबचं आजारपण झालेल्या माणसाने हा हिशेब आधीच करून ठेवावा.

आता रकमेकडे. शेवटच्या पगाराच्या निम्मे मिळतील असं बहुतेकांना वाटतं. सूत्र वेगळं आहे. मागच्या चारही अंशदान कालावधींतली एकूण कमाई घ्यायची, तिला ७३० ने भागायचं आणि आलेल्या आकड्याचे ५० टक्के काढायचे. महिना १८,००० प्रमाणे २४ महिने सलग काम असेल तर कमाई ४,३२,०००. रोजची सरासरी सुमारे ५९२, निम्मे २९६, आणि ९० दिवसांचे साधारण २६,६३० रुपये. तोच पगार, पण मधे ब्रेक पडून १४ महिनेच काम झालेलं असेल, तर कमाई २,५२,००० होते, भागाकार मात्र ७३० नेच. रोजचे जेमतेम १७२ रुपये येतात आणि पूर्ण ९० दिवसांचे सुमारे १५,५३०. कमी रक्कम आली म्हणून तक्रार करण्याआधी हे गणित स्वतः मांडून पाहा. चूक असेल तर कुठल्या महिन्यात आहे तेही त्यातून सापडतं.

दिवसांनंतर कारण तपासतात. नोकरी शिस्तभंगाच्या शिक्षेमुळे गेली असेल, निवृत्तीमुळे सुटली असेल किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल तर लाभ मिळत नाही. इथे मालकाने पोर्टलवर भरलेला कारणाचा कोड महत्त्वाचा ठरतो. एखाद्या महिन्यात कामगाराचे दिवस शून्य असतील तर मालकाला यादीतून कारण निवडावं लागतं: रजेवर, नोकरी सोडली, निवृत्त, कामगार कपात, काम नाही, संप किंवा टाळेबंदी, वगैरे. कपात केलेल्या माणसापुढेही हिशेबनीस सवयीने ‘नोकरी सोडली’ निवडतो, कारण तेवढ्याने त्याचं काम भागतं. तुम्हाला काढलं असेल तर शेवटच्या दिवशी ‘कामगार कपात’ हेच कारण आणि शेवटचा कामाचा दिवस बरोबर भरायला लेखी सांगा, आणि त्या पत्राची पोच घ्या.

याच जोडीला राजीनाम्याचा विषय येतो. फुल अँड फायनलचा, म्हणजे शेवटच्या हिशेबाचा, चेक हवा असेल तर आधी राजीनाम्यावर सही कर, असं सांगितलं जातं आणि माणूस सही करतो. मग कामावरून काढलं असा दावा अर्जात केला, की मालकाकडून पडताळणीत तोच कागद पुढे येतो. सही करण्याआधी कामगार कपातीचं पत्र मागा. मालक देत नसेल तर मला अमुक तारखेपासून काम नाकारलं आहे असं पत्र स्पीड पोस्टाने त्याला पाठवा आणि पावती जपा. ही पावती पुढे फार कामी येते.

ठेकेदारी पट्ट्यातला आणखी एक मोठा अडथळा म्हणजे दोन विमा क्रमांक. कंपनी तीच, मशीनही तेच, पण ठेकेदार बदलला की नवा ठेकेदार जुना क्रमांक न विचारता नवा काढतो. मग दोन वर्षांची नोकरी कागदावर दोन अर्धवट माणसांची दिसते आणि सलग दोन वर्षं कुठेच भरत नाहीत. उपाय आहे. दोन्ही क्रमांक, आधार, दोन्हीकडच्या पगाराच्या स्लिपा आणि बँकेचं स्टेटमेंट घेऊन शाखा कार्यालयात क्रमांक एकत्र करण्याचा अर्ज द्यायचा. याला वेळ लागतो, म्हणून नोकरी जाण्याची वाट पाहू नका. एकाच वेळी दोन मालकांकडे काम असेल, तर दोन्हीकडचं काम सुटल्यावरच तुम्ही योजनेच्या दृष्टीने बेकार ठरता.

ओळख आणि खातं हा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो आपल्या हातात आहे. आधार आणि बँक खातं विमा क्रमांकाशी जोडलेलं हवं, नावाचं स्पेलिंग व जन्मतारीख दोन्हीकडे सारखी हवी आणि मोबाइल क्रमांक चालू हवा. खातं जुन्या देना, विजया, सिंडिकेट, कॉर्पोरेशन किंवा आंध्र बँकेतलं असेल तर विलीनीकरणानंतरचा नवा आयएफएससी कोड नोंदवलेला आहे का तेही पाहा. जुन्या कोडमुळे मंजूर झालेले पैसे परत जातात.

अर्ज ईएसआयसीच्या पोर्टलवर विमाधारकाच्या लॉगिनमधून होतो. बेकारीचे ३० दिवस पूर्ण झाल्यावर दावा भरायचा आणि आधार व बँकेचे कागद स्कॅन करून जोडायचे. पूर्वी स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र लागायचं, ती अट २०२० च्या अखेरीस काढली. कागद अपलोड झाले नाहीत तर अर्जाची प्रिंट काढून, सही करून, कागदांसह शाखा कार्यालयात द्यावी. प्रतिज्ञापत्राच्या नावाखाली कोणी बाहेर पाचशे-हजार मागत असेल तर आधी शाखेत विचारा. अर्ज मालकामार्फत पाठवण्याची सक्तीही त्याच वर्षी गेली, पडताळणी शाखा कार्यालय स्वतः मालकाकडून करून घेतं.

आणि ठेकेदारच गायब असेल तर? योजनेच्या अटीत अंशदान ‘भरलेलं किंवा भरणं लागू असलेलं’ हवं असं आहे. शिवाय ईएसआयच्या नियमांनुसार ठेकेदाराच्या कामगारांचं अंशदान भरण्याची पहिली जबाबदारी मुख्य मालकाची, म्हणजे ज्या कंपनीत काम चालतं तिची आहे. पगारातून कापलं पण भरलं नाही, असं असेल तर स्लिप, गेटपास आणि पगार जमा झाल्याच्या बँक नोंदी जोडून शाखा व्यवस्थापकाकडे लेखी तक्रार द्या आणि त्यात मुख्य कंपनीचं नाव घाला. महामंडळाच्या सामाजिक सुरक्षा अधिकाऱ्याला चौकशी करायला त्यातून धागा मिळतो. तोंडी सांगून काही हलत नाही.

कारखाना कायद्याप्रमाणे बंद झाला असेल किंवा रीतसर कामगार कपात झाली असेल, तर ईएसआयसीचीच राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनाही तपासा. ती २००५ पासून आहे, तिथे किमान दोन वर्षांचं अंशदान लागतं आणि भत्ता जास्तीत जास्त २४ महिने मिळतो: पहिले १२ महिने मजुरीच्या ५० टक्के, पुढचे १२ महिने २५ टक्के. कामाबाहेरच्या अपघाताने ४० टक्के किंवा अधिक कायमचं अपंगत्व आलं असेल तरी ती लागू होते. एकाच काळासाठी दोन रोख लाभ घेता येत नाहीत, तेव्हा कपातीचे कागद हातात असणाऱ्याने ९० दिवसांच्या योजनेकडे घाईने जाऊ नये.

अर्ज नामंजूर झाला तर कारण लेखी मागा. दिवस कमी, कारण चुकीचं की ओळख जुळत नाही, या तिन्हींवर उपाय वेगवेगळे आहेत आणि कारण माहीत नसताना पुन्हा अर्ज करण्यात महिने जातात. शाखा आणि उपप्रादेशिक पातळीवर दर महिन्याला सुविधा समागम, म्हणजे तक्रारी ऐकण्याची बैठक, भरतो, तिथे कागद घेऊन समोरासमोर बसता येतं. दरम्यान विमाधारकाच्या लॉगिनमधून किंवा उमंग ॲपवरून महिनावार अंशदान उघडून चारही कालावधींचे दिवस आणि मजुरी वहीत उतरवून घ्या. खरं तर हे काम नोकरी चालू असतानाच, दर महिन्याच्या १५ तारखेनंतर करावं, कारण मागच्या महिन्याच्या अंशदानाचं चलन तोवर भरलं जाणं बंधनकारक असतं. त्याच महिन्यात चूक दिसली तर हिशेबनीस ती दुरुस्त करतो. कालावधी उलटल्यावर मात्र प्रत्येक दुरुस्तीसाठी कार्यालयाच्या फेऱ्या सुरू होतात.

भत्ता चालू असताना तुम्हाला महामंडळाचे उपचार मिळत राहतात, तेव्हा कार्ड बाजूला टाकू नका. मधेच नवी नोकरी लागली तर रुजू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंतचेच पैसे देय असतात. नव्या मालकाने तुमचा जुना क्रमांक टाकला की ते पोर्टलवर आपोआप दिसतं, म्हणून रुजू झाल्याची तारीख स्वतःहून शाखेला कळवा. खोटी माहिती देऊन लाभ घेतल्याबद्दल शिक्षा झाली तर या योजनेचं दार बंद होतं.