बिल्ला कुणाचा?

आईची ट्रंक आवरताना जुन्या पातळाच्या घडीत एक पितळी बिल्ला सापडला. रुपयाच्या जुन्या नाण्याएवढा, वर भोक पाडलेला, नंबर झिजून अर्धाच राहिलेला. "पणजोबांचा गिरणीतला असेल ना?" मी सहज म्हटलं. आई म्हणाली, "नाही गं, तो माझ्या आजीचा, म्हणजे तुझ्या पणजीचा. ती वाइंडिंगला होती."

आमच्या घरात गिरणीच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकत आले. पणजोबांची पाळी, पणजोबांचा संप, पणजोबांनी ऐकलेली भाषणं. पणजी त्या गोष्टींत असायची ती भाकरी थापताना. ती स्वतः भोंग्याच्या आवाजावर घराबाहेर पडत होती हे चाळीस वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्याच रविवारी बिल्ला पर्समध्ये टाकून मी सकाळी करी रोड स्टेशनला उतरले.

पुलावरून आता गिरण्यांच्या चिमण्या मोजून दोन-चार दिसतात, मनोरे मात्र मोजता येत नाहीत. मुंबईत पहिली कापड गिरणी उभी राहिली ती 1850 च्या दशकात, ताडदेवला. पुढे भायखळा, लालबाग, परळ, वरळी असं सगळं गिरणगाव वसलं. त्याचा इतिहास आपण भोंगा, संप आणि पुढाऱ्यांच्या नावांनी सांगतो. 1920 च्या दशकात मात्र या गिरण्यांमध्ये दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती. त्यातल्या बहुतेक रीलिंग आणि वाइंडिंगच्या खात्यात. सूत गुंडाळायचं, तुटलेला धागा शोधायचा, गाठ मारायची, पुन्हा चालू. त्यांच्यावर नायकीण, म्हणजे बायकांची मुकादम, असायची. कामावर घेणं, काढणं, बदलीत म्हणजे तात्पुरत्या जागी ठेवणं, सगळं तिच्या हातात. नायकिणीला खूश ठेवायला काय काय द्यावं लागत असेल, याचा विचार करत मी पूल उतरले.

लालबागच्या मिरची गल्लीत शिरलं की आधी ठसका लागतो आणि मग गल्ली दिसते. बेडगी, संकेश्वरी, काश्मिरीचे ढीग, शेजारी धणे, दगडफूल, नागकेशर. मी गेले तेव्हा हंगाम ऐन भरात होता. बायका पिशव्या घेऊन रांगेत उभ्या होत्या, भाजलेली मिरची कांडपाला देऊन तिथेच थांबलेल्या. समोर कुटली जात असताना नजर हलवायची नाही, नाहीतर आपल्या मसाल्यात दुसऱ्याचा मिसळतो. शेजारच्या काकूंनी मला हे इतक्या गंभीरपणे सांगितलं की मीही त्यांच्या मिरचीवर नजर ठेवून उभी राहिले. पदर नाकाला, डोळ्यांतून पाणी, आणि तरी हिशोब चालू: अमक्या सुनेला दोन किलो, तमकीला गावाला पाठवायचा. गिरण्या गेल्या, पण गिरणगावाला जेवू घालणाऱ्या बायकांची ही वाट अजून वाहती आहे.

तिथून भारतमाता सिनेमाच्या चौकातून चालत परळला गेले. वाडिया प्रसूतिगृहाच्या फाटकासमोर बराच वेळ थांबले. हे 1926 चं, गिरणी कामगारांच्या बायकांची बाळंतपणं डोळ्यांसमोर ठेवून उभारलेलं. त्याआधी चाळीतल्या काळोख्या खोलीत, सुईणीच्या हातून बाळंतपण व्हायचं आणि बाई जमेल तितक्या लवकर पुन्हा खात्यात उभी राहायची, कारण खाडा पडला की पगार गेला आणि खाडे वाढले की जागा गेली. बाळाचं काय? त्या काळी बाळगोळी मिळायची. अफूची. ती दिली की मूल आई परत येईपर्यंत झोपून राहायचं. 1920 च्या दशकातल्या सरकारी पाहणीत गिरणीतल्या बायकांच्या तान्ह्या मुलांना सर्रास अफू दिली जात असल्याची नोंद आहे. मी हे पूर्वी वाचलं होतं, तेव्हा त्या आयांचा राग आला होता. फाटकाशी उभी असताना, दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन टॅक्सी शोधणारी एक मुलगी पाहिली आणि त्या रागाची मला लाज वाटली. दहा तास यंत्रापुढे उभं राहायचं असेल आणि घरी दुसरं कुणी नसेल, तर ती बाई करणार तरी काय होती?

इथून पोयबावडीची बी. आय. टी., म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची, चाळ लांब नाही. चाळ क्रमांक एक, दुसरा मजला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं घर म्हणून लोक ती बघायला जातात, आणि जायलाच हवं. मी गेले ती रमाबाईंसाठी. दोन छोट्या खोल्या, बाहेर सगळ्यांचा मिळून एक व्हरांडा. बाबासाहेब परदेशात शिकत असताना रमाबाईंनी ओढगस्तीत संसार रेटला. त्यांना पाच मुलं झाली, त्यातला एकटा यशवंत जगला. धाकटा राजरत्न 1926 मध्ये गेला. त्यानंतर दोन वर्षांनी, जुलै 1928 मध्ये, मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाची रजा आणि त्या काळात भत्ता देण्याचं विधेयक आलं, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला ठाम पाठिंबा दिला. बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, आणि मालक तिच्या कष्टावर कमावतो तर त्याचा भार त्यानेही उचलावा, असं त्यांचं म्हणणं होतं. 1929 मध्ये कायदा झाला. भाषणात रमाबाईंचं नाव नाही. त्या कठड्याला हात लावून उभी राहिले तेव्हा मला मात्र ती दोन वर्षं आणि या दोन खोल्या वेगळ्या करता येईनात.

कायद्याचा दुसरा परिणामही सांगायला हवा. पैसे द्यावे लागतात म्हटल्यावर मालक लग्न झालेल्या बायकांना घ्यायला का-कू करू लागले. रात्रपाळी बायकांना बंद होतीच. त्यात नवी यंत्रं आली, खाती आटली, आणि सगळ्यात आधी कमी झाल्या त्या बायका. संघटनांनीही कुटुंब पोसणाऱ्या पुरुषाचीच नोकरी खरी मानली. 1980 च्या दशकापर्यंत गिरणीत बाई दिसणं विरळ झालं होतं. माझी पणजी कधी आणि कशी घरी बसली ते आता विचारायला कुणी नाही.

दुपारी काळाचौकीला आले. मैत्रिणीच्या ओळखीने एका मावशींना भेटायचं होतं. वय ऐंशीच्या पुढे, माहेर-सासर दोन्ही साताऱ्याकडचं. दहा बाय बाराची खोली, पोटमाळा, दारात तुळस. मावशी खानावळ चालवायच्या. कोकणातून, घाटावरून आलेले गडी गाळ्यात पाळीपाळीने झोपायचे, कारण बायकामुलांना मुंबईत ठेवायला जागा नव्हती. त्यांचं दोन वेळचं जेवण अशा खोल्यांमधून शिजायचं.

"माझ्याकडं चौदा गडी होतं," मावशी म्हणाल्या. "पहाटं तीनला चूल. पयल्या पाळीचं डबं भरायचं, मंग दुसऱ्या पाळीचं. रातपाळीवाला सकाळी येऊन जेवायचा. झोपायचं कदी, इचार."

"कधी झोपायचात?"

"भाकरी थापता थापता."

किराणा उधारीवर, भांडी गहाण, गड्यांचा पगार दहा तारखेनंतर. 1974 च्या संपात पगार थांबले तरी या बायकांनी ताटं थांबवली नाहीत. सावकाराचं व्याज मात्र थांबलं नव्हतं. त्यातूनच 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी खानावळवाल्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि तारण नसलेल्या बायकांना बँकेच्या कर्जापर्यंत नेलं. मला वाटतं, गिरणगावातल्या प्रत्येक संपाच्या गोष्टीत या बायकांचं नाव पहिल्या पानावर हवं. पोट रिकामं असेल तर संप आठवडाभरही टिकत नाही.

मी पर्समधून बिल्ला काढून मावशींच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उलटासुलटा केला, पदराने पुसला आणि विचारलं, "पणजी कंच्या गिरणीत?" मला सांगता आलं नाही. "नावबी न्हाई बघ त्याच्यावर," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

पिठाच्या डब्यामागून त्यांनी एक वही काढली. मावशींना लिहिता-वाचता येत नाही. वहीत नाव एकही नव्हतं, चित्रं होती. एका पानावर छत्री, एकावर नारळाचं झाड, एकावर मिशा. छत्रीवाला कधी छत्रीशिवाय यायचा नाही, नारळवाला मालवणचा. चित्राखाली दिवसाला एक रेघ. ज्या दिवशी गडी जेवला नाही, त्या दिवशी रेघेऐवजी टिंब, म्हणजे खाडा. पैसे चुकते झाले की महिन्याभोवती गोल.

शेवटची भरलेली पानं 1982 ची. 18 जानेवारीला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो कधी रीतसर मिटलाच नाही. मी पान उलटत गेले. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. रेघा भरलेल्या होत्या, कुठे कुठे टिंब. गोल एकाही महिन्याभोवती नव्हता. जूनमध्ये नारळाच्या झाडाखालच्या रेघा संपल्या. दिवाळीच्या सुमाराला मिशाही थांबल्या. छत्रीखाली मात्र शेवटपर्यंत रेघा होत्या.

"ह्यो कुठं गेलाच न्हाई," मावशी छत्रीवर बोट ठेवून म्हणाल्या. "गावाकडं कुणी नव्हतं त्याचं. म्हनलं, जेव बाबा."

त्यांनी वही माझ्या हातातून घेतली, पुन्हा डब्यामागे ठेवली आणि चहाचं आधण चढवलं.