लेन्सचे पैसे वेगळे घ्या, फिटिंगचे वेगळे

पेशवाईतली बाई चष्मा लावून अंगणात येऊ शकत नाही. सांगलीत हौशी नाटक करणाऱ्या माझ्यासारखीला कॉन्टॅक्ट लेन्स लागतात त्या एवढ्यासाठी. चष्मा काढला की समोरच्या नटाचे डोळे मला दिसत नाहीत, फक्त चेहऱ्याचा आकार दिसतो. वाक्य कुणाच्या डोळ्यांत बघून टाकायचं तेच कळत नाही. माझा चष्म्याचा नंबर असा आहे: उजवा मायनस ५.२५, सिलिंडर १.२५, अ‍ॅक्सिस १८०. डावा मायनस ४.७५, सिलिंडर ०.७५, अ‍ॅक्सिस १७०. सिलिंडर म्हणजे डोळ्याची गोलाई सगळीकडे सारखी नसल्यानं लागणारा जास्तीचा नंबर, आणि अ‍ॅक्सिस म्हणजे तो ज्या कोनात बसवायचा तो कोन. या आकड्यांवरच पुढचं सगळं अवलंबून आहे.

पहिल्या लेन्स मी गावातल्या एका जुन्या, चांगल्या चालणाऱ्या दुकानातून घेतल्या. बाहेर बोर्ड होता, लेन्सवर तपासणी फ्री, सोल्युशन फ्री. तपासणी म्हणजे मशिनवर हनुवटी टेकवायची, आतल्या चित्राकडे बघायचं आणि मशिनमधून कागदाची पट्टी बाहेर येईपर्यंत थांबायचं. मग कपाटातून दोन बॉक्स निघाले. उजव्याला साडेपाच, डाव्याला पावणेपाच.

"काका, सिलिंडर दिसत नाही यात."

"थोडाच आहे ताई, नंबरात धरलाय तो. सगळ्यांना तसंच देतो. चालतंय की."

नंबरात धरलाय हे खरंच होतं. सिलिंडर असेल तर त्याचा निम्मा आकडा मुख्य नंबरात मिळवून साधी गोल लेन्स द्यायची पद्धत आहे (मोठा नंबर लेन्ससाठी थोडा कमीही करतात, ते पुढे येईल). पाव-अर्ध्या सिलिंडरला ती चालूनही जाते. सव्वा सिलिंडरला चालत नाही. घरात, बँकेत काउंटरवर माझं भागत होतं, कारण दिवसाउजेडी डोळ्याची बाहुली लहान असते आणि दोष झाकला जातो. रंगीत तालमीला प्रेक्षागृहात अंधार झाला, समोरून स्पॉट आला, आणि प्रत्येक दिवा रेघेसारखा ताणलेला दिसायला लागला. पायऱ्यांची कड दिसेना. त्या प्रवेशात मला हातात समई घेऊन तीन पायऱ्या उतरायच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. फोडलेला बॉक्स परत घेत नाही, असं सांगितलं. ते मला मान्य आहे, डोळ्यात घालायची वस्तू परत घेऊ नयेच. पण मग काय करायचं? "सवय होईल." नंबर लिहून द्या म्हटलं तर "बॉक्सवर आहे की". बिलावर एकच ओळ होती: कॉन्टॅक्ट लेन्स, दोन बॉक्स. मला डोळ्यांसाठी काय सेवा मिळाली, कुणी काय मोजलं, कशाच्या आधारावर ही लेन्स निवडली, यातलं काहीच त्या ओळीत नव्हतं, कारण ते झालंच नव्हतं.

मला यात म्हणायचंय ते एवढंच, की लेन्स घेताना आपण दोन वेगळ्या गोष्टी विकत घेत असतो. एक ती वस्तू, आणि दुसरी ती आपल्या डोळ्यावर बसवून बघणाऱ्याचं कसब. आपल्याकडे दुसऱ्या गोष्टीची किंमत पहिलीच्या पोटात लपवलेली असते आणि वर 'फ्री' लिहिलेलं असतं. फ्री म्हटल्यामुळे दुकानदारावर ते नीट करण्याचं बंधन राहत नाही, आणि आपल्यालाही ते मागायचा संकोच वाटतो.

नंतर मिरजेत एका ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळ्यांचा नंबर तपासून लेन्स बसवणाऱ्या ताईंकडे गेले. माझ्यापेक्षा वयानं लहानच असतील. त्यांनी आत शिरल्याशिरल्या सांगितलं, "फिटिंगची फी आठशे रुपये, त्यात एक फेरतपासणी आली. लेन्स माझ्याकडूनच घ्या असं काही नाही." हे वाक्य मी तोवर कुठल्याच दुकानात ऐकलं नव्हतं.

त्या आठशे रुपयांत काय झालं ते सविस्तर लिहिते, कारण काय मागायचं हेच आपल्याला ठाऊक नसतं. आधी केरॅटोमीटरवर कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाची गोलाई मोजली. मग स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या दिव्याच्या मशिनवर, पापण्या उलटून आतली बाजू पाहिली, अश्रूंचा थर किती वेळ टिकतो ते पाहिलं. चष्म्याचा नंबर जशास तसा लेन्सला लावला नाही. चष्मा डोळ्यापासून साधारण बारा मिलिमीटर लांब असतो आणि लेन्स डोळ्यावरच बसते, त्यामुळे चार नंबरच्या पुढे हा फरक धरावा लागतो. माझ्या उजव्या डोळ्याचे सव्वापाच लेन्समध्ये पाच झाले, डाव्याचे पावणेपाच साडेचार झाले.

मग ट्रायलची टोरिक लेन्स घातली. सिलिंडरवाल्या डोळ्याला हीच लागते. ती डोळ्यात गरगर फिरून चालत नाही, म्हणून तिचा खालचा भाग किंचित जाड केलेला असतो. तिच्यावर एक बारीक खूण असते आणि बऱ्याच लेन्समध्ये ती घड्याळातल्या सहाच्या जागी यायला हवी. ताईंनी मला अर्धा तास बाजारात फिरून यायला सांगितलं. आल्यावर पुन्हा दिव्याखाली ती खूण कुठे थांबलीय ते बघितलं, डोळा मिचकावला की किती हलते, पुन्हा जागेवर येते का, हेही बघितलं. मी विचारलं, दहा अंशांचा फरक पडला तर काय होतं? त्या म्हणाल्या, "साधारण एक तृतीयांश सिलिंडर तसाच शिल्लक राहतो." १८० च्या जागी १७० चा बॉक्स हातात ठेवून 'दहानं काय होतंय' म्हणणाऱ्यांना द्यायला माझ्याकडे तेव्हापासून हा आकडा आहे.

शेवटी एक कागद दिला. लेन्सचं नाव, बेस कर्व्ह (लेन्सच्या आतल्या बाजूची गोलाई) ८.६, व्यास १४.५, दोन्ही डोळ्यांची पॉवर, सिलिंडर, अ‍ॅक्सिस, किती दिवसांनी बदलायची, तारीख, सही. माझी मावसबहीण न्यू जर्सीत राहते. तिकडे २००३ च्या कायद्यानं फिटिंग संपलं की रुग्णानं न मागता हा कागद द्यावा लागतो आणि तो घेऊन तिनं कुठूनही लेन्स घ्याव्यात. तिची तक्रार वेगळी आहे, कागदाची मुदत संपली की पुन्हा तपासणीचे डॉलर मोजल्याशिवाय बॉक्स मिळत नाही. ती तक्रार मी समजू शकते, पण कागद हातात असण्याची किंमत तिला कळत नाही, कारण तिला तो कधी मागावा लागला नाही.

दुकानदारांची बाजू मला कळत नाही असं नाही. मी बँकेत आहे, अडकून पडलेल्या मालाचा हिशेब रोज बघते. टोरिकमध्ये शून्य ते मायनस सहापर्यंत पाव-पावच्या पायऱ्यांनी पंचवीस नंबर होतात. त्याला तीन सिलिंडर आणि दर दहा अंशांना एक असे अठरा अ‍ॅक्सिस धरले तर १,३५० प्रकार झाले, तेही एकाच कंपनीच्या एकाच लेन्सचे. गणपती पेठेतल्या दुकानात एवढा साठा कोण ठेवेल? मागवायलाच लागतं. मग 'परवा येईल' सुरू होतं, माणूस दोनदा फिरकून तिसऱ्यांदा येत नाही आणि बॉक्स कपाटात मुदत संपेपर्यंत बसतो. म्हणून कपाटात आहे ते गळ्यात घालायचा मोह होतो. यावर सरळ उपाय म्हणजे आगाऊ रक्कम घ्या आणि तारीख सांगा. मला सहा दिवस सांगितले तर मी सहा दिवस थांबेन. आज सांगून सहाव्या दिवशी देऊ नका.

आता किमतीबद्दल. माझ्या महिन्याच्या टोरिक लेन्सच्या सहाच्या बॉक्सवर जुनी एमआरपी ३,३६० होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून कॉन्टॅक्ट लेन्सवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला. मूळ किंमत ३,००० धरली तर तोच बॉक्स ३,१५० ला बसतो. दुकानात गेले तेव्हा बॉक्सवर जुनीच किंमत छापलेली होती आणि बिलही तिनेच होऊ लागलं होतं. शांतपणे विचारलं, तर त्यांनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि २१० रुपये कमी केले, वाद झाला नाही. एमआरपी ही कमाल किंमत आहे आणि तीत कर धरलेलाच असतो. 'वर जीएसटी लागेल' असं कुणी म्हणालं तर ऐकून घ्यायचं कारण नाही.

ऑनलाइन तोच बॉक्स अजून दीड-दोनशेनं स्वस्त दिसतो. कागद हातात असला की तिथून घ्यायला हरकत नाही. फक्त आलेल्या बॉक्सवरची पॉवर, अ‍ॅक्सिस आणि मुदत कुरिअरवाला गेल्यावर लगेच तपासायची, आणि 'याच्यासारखीच दुसरी' म्हणून वेगळ्या कंपनीची लेन्स पाठवली तर घ्यायची नाही. बेस कर्व्हचा आकडा सारखा असला तरी दोन कंपन्यांच्या लेन्स डोळ्यावर सारख्या बसतातच असं नाही.

यापेक्षा मोठी बचत मात्र एका प्रश्नात दडलेली होती, आणि तो मला त्या पहिल्या दुकानात कुणी विचारला नव्हता. तुम्ही महिन्यातून किती दिवस लेन्स घालता? मी घालते साधारण पाच दिवस. शेवटच्या तालमी, प्रयोग, एखादं लग्न. महिन्याची लेन्स पाकिटातून काढली की तिचा महिना तेव्हापासून मोजायचा, मग ती तुम्ही तीन दिवस घाला की तीस. उरलेले दिवस ती डबीत बसून जुनी होत असते. सोल्युशनची बाटलीही उघडल्यावर साधारण तीन महिन्यांत टाकावी लागते, अर्धी भरलेली असली तरी. माझा वर्षाचा हिशेब चार बॉक्सचे १२,६०० आणि सोल्युशनचे दोनेक हजार असा जात होता. मिरजेच्या ताईंनी रोज टाकायच्या टोरिक सुचवल्या. तीसचा बॉक्स २,६२५ ला, एका डोळ्याला वर्षात दोन, म्हणजे एकूण चार बॉक्स, १०,५०० रुपये. सोल्युशन नाही, डबी नाही. रोज घालणाऱ्याला हेच गणित उलटं पडेल, त्यानं महिन्याचीच घ्यावी.

आणि मेकअप रूमसाठी तर रोजची लेन्स फार बरी. नाट्यगृहांच्या विंगेमागे एकच बेसिन असतं, तिथे टाकीचं पाणी येतं. नळाच्या पाण्यानं लेन्स किंवा डबी धुवायची नाही, कारण पाण्यात अ‍ॅकॅन्थअमिबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. त्यानं कॉर्नियाला होणारा संसर्ग अतिशय दुखरा असतो, महिनोन्महिने उपचार चालतात आणि दृष्टीही जाऊ शकते. लेन्स आधी घालायची आणि रंग नंतर लावायचा. उतरवताना लेन्स आधी काढायची, मग खोबरेल तेलानं रंग पुसायचा.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. राक्षस, यक्षिणी, भूत अशा भूमिकांसाठी रंगीत लेन्स येतात, बिननंबरच्या, कुठल्याही कॉस्मेटिकच्या दुकानात मिळतात. एका संघात मी एकच जोडी दोन मुलांनी दोन प्रयोगांना वापरलेली पाहिली आहे, मध्ये फक्त पाण्यात बुडवून. दिग्दर्शकांना हात जोडून विनंती, असं होऊ देऊ नका. बिननंबरची असली तरी ती डोळ्यावरच बसते, तिलाही फिटिंग लागतं, आणि दुसऱ्याच्या डोळ्यातली लेन्स कितीही धुतली तरी ती त्याचीच.

आता मी लेन्स गावातूनच घेते, पण दुकान बदललं. कागद व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते, निम्मे पैसे आगाऊ देते, ते तारीख सांगतात आणि बहुतेक वेळा पाळतात. ऑनलाइनपेक्षा शंभर रुपये जास्त जातात. एकदा एका पाकिटातली लेन्स कडेला फाटलेली निघाली. ती डबीत ठेवून नेली, तर त्यांनी कंपनीला फोटो पाठवून बदलून आणली. ते शंभर रुपये मला जड वाटत नाहीत.

आमच्या संघातली एक मुलगी या वर्षी पहिल्यांदा लेन्स घेतेय. कॉलेजात आहे, पैसे मोजकेच आहेत. तिला वाटत होतं की माझ्याएवढा खर्च येणार. तिचा नंबर दोन्हीकडे पावणेतीन आहे आणि सिलिंडर अजिबात नाही. तिला टोरिक लागत नाही, साधी गोल लेन्स पुरते, ती टोरिकपेक्षा बरीच स्वस्त असते आणि बहुतेक दुकानांत तयार मिळते. चारच्या आतला नंबर असल्यामुळे तिच्या बाबतीत चष्म्याचाच आकडा जवळपास तसाच लागेल. तरी फिटिंग मिरजेत करून घे म्हटलंय, आणि आठशे रुपये या प्रयोगापुरते संघाच्या खर्चात धरलेत, वेशभूषेच्या खाली.