सेफट्रायक्झोन आणि लहानपणीचे पुरळ: माझा अनुभव
हुडहुडी भरून आलेला ताप आणि उजव्या कुशीत ठणका अशा अवस्थेत मी रुग्णालयात दाखल झाले. लघवीच्या तपासणीवरून मूत्रपिंडाच्या संसर्गाचे निदान झाले आणि कल्चरसाठी, म्हणजे लघवीतले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्यासाठी, नमुना घेतल्यानंतर सेफट्रायक्झोन हे प्रतिजैविक शिरेतून द्यायचे ठरले. पण त्याआधी डॉक्टरांनी पेनिसिलिनच्या ॲलर्जीविषयी विचारले. लहानपणी एकदा ते घेतल्यावर अंगावर पुरळ उठले होते, एवढेच मला आईकडून ठाऊक होते.

पेनिसिलिन आणि सेफट्रायक्झोन ज्यात मोडते तो सेफॅलोस्पोरिन, या दोन्ही गटांच्या रेणूंत बीटा-लॅक्टम नावाचे अणूंचे छोटे वलय असते, म्हणून हा प्रश्न. तथापि ॲलर्जी बहुधा त्या वलयाला जोडलेल्या बाजूच्या साखळीशी निगडित असते, आणि सेफट्रायक्झोनची साखळी पेनिसिलिनहून वेगळी आहे. त्यामुळे पूर्वीचे पुरळ सौम्यच होते, श्वास लागला नव्हता, हे खोदून विचारून त्यांनी पहिला डोस स्वतःच्या देखरेखीखाली दिला.

औषध करते काय, हेही त्यांनी समजावले. जिवाणूभोवती जाळीसारखी विणलेली भित्तिका असते. तिचे धागे एकमेकांना जोडणाऱ्या प्रथिनांना हे औषध घट्ट चिकटून निकामी करते. मग वाढू पाहणाऱ्या जिवाणूची भित्तिका कच्ची राहते आणि तो फुटतो. आपल्या पेशींना अशी भित्तिका नसते, विषाणूंनाही नसते, म्हणून सर्दी-फ्लूवर हे औषध निरुपयोगी. या गटातल्या औषधांच्या, विकासाच्या टप्प्यांनुसार, पिढ्या मानतात: पहिल्या पिढीतले सेफॅलेक्सिन त्वचेच्या संसर्गांवर चांगले चालते, तर तिसऱ्या पिढीतले सेफट्रायक्झोन ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूसारख्या ग्राम-निगेटिव्ह (पातळ भित्तिकेबाहेर आणखी एक आवरण असलेल्या) जिवाणूंवर, न्यूमोनियावर आणि जिवाणूजन्य मेंदूज्वरावरही वापरतात. एन्टेरोकॉकस हा जिवाणू मात्र या गटाला दाद देत नाही. या गटाचे मूळ ज्या बुरशीत आहे, ती इटालियन वैज्ञानिक जुझेप्पे ब्रोत्झू यांना 1945 मध्ये इटलीच्या सार्डिनिया बेटावर, सांडपाणी समुद्राला मिळते तिथे सापडली होती. सलाईनकडे पाहताना हे आठवून मला जरा हसू आले.

दिवसातून एकच इंजेक्शन का, अशी शंका मला आली होती. रक्तातील प्रमाण निम्मे व्हायलाच सुमारे 8 तास लागतात, म्हणून एक पुरते. ताप दुसऱ्या रात्रीपर्यंत हटला नाही, आणि ती रात्र कठीण गेली. तिसऱ्या दिवशी कल्चरमध्ये ई. कोलाय निघाला, औषध लागू पडत असल्याचे कळले आणि ताप उतरल्यावर मला गोळ्यांवर आणले. थोडे जुलाब झाले; ते वाढले तर लगेच कळवायला सांगितले होते. ते दोन दिवसांत आपोआप थांबले.

घरी जाताना माझ्या फाइलवर डॉक्टरांनी एक ओळ लिहिली: 'लहानपणी पेनिसिलिनने सौम्य पुरळ, सेफट्रायक्झोन विनात्रास घेतले.'