वजन तेवढंच, मग जोर कुठं गेला?

आमच्या परभणीकडं म्हातारं माणूस वाळलं की "वय झालं आता" म्हणतात आणि अंगानं भरलेलं असलं की "तब्येत बरीय की". दुसऱ्यातच जास्त घोळ हाय. वयानुसार मांस झडत जातं आणि त्या जागी चरबी भरली की वजनकाटा तोच आकडा दाखवत राहतो. माझी मावशी बघा, वजन कित्येक वर्षं तेवढंच, पण भरलेली घागर उचलायची म्हटलं की नातवाला हाक.

वयानुसार मांस असं झडण्याला सार्कोपेनिया म्हणतात, हे नाव आयर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन पोषण-संशोधकांनी 1989 च्या सुमारास दिलं. तेव्हा सगळा भर मांस किती कमी झालं यावरच होता. मग 2010 ला युरोपातल्या तज्ज्ञांच्या गटानं ताकद आणि चालणं पण व्याख्येत घेतलं, आणि 2018 ला तर ताकदच पहिल्या नंबरवर आणली, मांस नंतर मोजून खात्री करायची. मला हे पटतं, कारण मांस हाय पण जोर नाही तर त्याचा उपयोग काय!

ताकद मोजायला हातात दाबायचं एक मशीन असतं. मावशीची फिजिओथेरपीवाल्याकडं मोजली तर 17 किलो भरली. आता गंमत बघा, युरोपवाल्यांची बाईसाठी हद्द 16, म्हणजे मावशी पास, आणि आशियातल्या तज्ज्ञांच्या गटाची 2019 ची हद्द 18, म्हणजे नापास. पुरुषांना 27 आणि 28. खुर्चीवरून हात छातीशी बांधून पाच वेळा उठायचं, त्यात पण युरोप 15 सेकंदापर्यंत चालवून घेतो, आशियावाले 12 लाच थांबवतात. आपण आशियातले, म्हणून मी आशियाचेच आकडे धरले. पण गुडघे दुखत असले की खुर्चीची टेस्ट फसते, आणि आमच्याकडं साठीनंतर गुडघे न दुखणारी बाई दाखवा मला.

बरं, ताकद कमी निघाली म्हणजे लगेच शिक्का नाही, हातापायाचं मांस डेक्सा (क्ष-किरणांचं स्कॅन) नाहीतर बीआयए (अंगातून बारीक करंट सोडून मोजणारं) मशीनवर मोजावं लागतं, आणि ते गावोगावी कुठून येणार. म्हणून आधी चाळणी म्हणून पोटरी मोजतात, जिथं सगळ्यात जाड तिथं शिंप्याची टेप गुंडाळायची, पुरुष 34 सेंटिमीटरच्या खाली किंवा बाई 33 च्या खाली असली तर डॉक्टरला दाखवायचं. फक्त पायाला सूज असली तर टेपवर भरवसा नको, सूजच मापात येते.