आमची वाटचाल : बाइंडर म्हणजे डिंक असं आम्हाला वाटायचं

आम्ही झिओलाइट (रासायनिक कारखान्यात उत्प्रेरक म्हणून वापरतात ते बारीक छिद्रांचं खनिज) बनवत नाही हे आधीच सांगून टाकतो, कारण दर दुसरा फोन त्यासाठीच येतो. पावडर बाहेरून येते, आम्ही तिला फक्त आकार देतो, म्हणजे बाइंडर आणि पाणी घालून मळायचं, एक्स्ट्रूडरच्या डायमधून १.६ मिमीच्या कांड्या काढायच्या, वाळवायच्या, भट्टीत ५५० डिग्रीला भाजायच्या आणि ड्रम भरून द्यायचे. पावडर तशीच रिअॅक्टरमध्ये ओतली तर गॅसला जायला वाटच राहत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप. मी आणि कॉलेजचा एक मित्र, एक सेकंडहँड मिक्सर, एक एक्स्ट्रूडर, आणि दोघांच्याही डोक्यात पक्कं की बाइंडर म्हणजे डिंक, चिकटवलं की त्याचं काम संपलं.

पहिली मोठी ऑर्डर झेडएसएम-५ या झिओलाइटची, मोबिल या तेल कंपनीने १९७२ ला पेटंट घेतलेलं तेच. बाइंडर म्हणून बेंटोनाइट ही माती घेतली, सहज मिळतं, छान मळलं जातं, आणि कांड्या इतक्या कडक निघाल्या की बोटांनी तुटेनात, आम्ही जाम खुश. मग कस्टमरचा फोन, म्हणे पावडर चालते त्याच्या निम्मंपण हे चालत नाहीये. यावर आम्ही काय केलं, तर पावडरवाल्याशी भांडलो, चांगलं आठवडाभर भांडलो. त्याने गुपचूप त्याच लॉटचं सॅम्पल परत तपासून रिपोर्ट पाठवला, पावडर एकदम ओके.

शेवटी मित्राने खलबत्ता काढला. थोड्या कांड्या कुटल्या, चाळून २५० ते ५०० मायक्रॉनचा माल वेगळा केला, आणि अख्खी कांडी नि कुटलेली कांडी दोन्ही सारख्याच कंडिशनला चालवून बघितली. कुटल्यावर रिझल्ट सुधारला असता तर दोष वाटेचा, म्हणजे रेणू आतपर्यंत पोचत नाहीयेत. पण दोन्ही सारखेच वाईट! म्हणजे वाट मोकळी आहे, आतलं अॅसिडच मेलंय. आणि मारणारा कोण, तर बेंटोनाइटमधला सोडियम. या झिओलाइटचं काम चालतं ते त्याच्या प्रोटॉनवर, आणि ओल्या लगद्यात, मग भट्टीत, सोडियम हळूच त्या प्रोटॉनच्या जागेवर जाऊन बसला होता. अमोनियम नायट्रेटच्या गरम द्रावणात कांड्या दोनतीनदा ठेवल्या, धुतल्या, परत भाजल्या, तेव्हा बरीचशी अॅक्टिव्हिटी परत आली. पावडरवाल्याची माफी मागितली, अजूनही त्याच्याकडूनच घेतो.

मग सिलिकाकडे वळलो, म्हंटलं हा तरी गरीब, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. ते खरंच आहे, पण पकड कमी, ड्रम उघडला की तळाला धूळ. शिवाय कोलॉइडल सिलिका, म्हणजे पाण्यात तरंगणारे सिलिकाचे अतिसूक्ष्म कण, घेताना लेबल नीट वाचायचं असतं, अशी बरीचशी द्रावणं, म्हणजे सोल, सोडियमनेच स्थिर ठेवलेले असतात, म्हणजे ज्याला हाकललं तोच मागच्या दाराने घरात. अमोनियावाला सोल घ्यायचा, हे आम्हाला एक बॅच घालवल्यावर कळलं.

अॅल्युमिनाने मात्र वेगळीच गंमत केली. स्युडोबोहमाइट, म्हणजे अॅल्युमिनाचा कच्चा माल, पातळ नायट्रिक अॅसिडमध्ये घोटलं की त्याचं जेल होतं, भाजल्यावर गॅमा अॅल्युमिना होतो, कांडी मजबूत आणि वर त्याची स्वतःची मोठी छिद्रं असतात त्यामुळे रेणूंना आतबाहेर करायला रस्ते. अॅसिड जास्त झालं तर लगदा सैल पडतो आणि झिओलाइट नाजूक असेल तर त्यातलंच अॅल्युमिनियम बाहेर ओढलं जातं, म्हणून ते मोजायचं काम आमच्याकडे एकाच माणसाकडे आहे, तो सुट्टीवर असला की अॅल्युमिनाची बॅच लागत नाही. तर एका कस्टमरला मुद्दाम कमी अॅसिड जागांचं, जास्त सिलिकाचं झेडएसएम-५ हवं होतं. कांडीत ७० टक्के झिओलाइट, म्हणजे फार तर पावडरच्या ७० टक्के काम व्हायला पाहिजे ना, तर झालं त्याहून जास्त. वजनात चूक म्हणून तीनदा काटा तपासला. काटा बरोबर होता. त्यांच्या युनिटमध्ये वाफ होती, आणि वाफ नि उष्णता असली की बाइंडरमधलं थोडं अॅल्युमिनियम झिओलाइटच्या सांगाड्यात शिरून नव्या अॅसिड जागा तयार करू शकतं. दुसऱ्या कुणाला हे फुकटचं बक्षीस वाटलं असतं, यांना मिळालं नको असलेलं क्रॅकिंग, म्हणजे रेणूंची मोडतोड, आणि वर कोक, म्हणजे कांडीवर बसणारा कार्बनचा थर. माल परत.

अॅटापुल्जाइट या मातीचं उलट. त्यातलं मॅग्नेशियम झिओलाइटचं अॅसिड थोडं मवाळ करतं, आणि मेथॅनॉलपासून ओलेफिन (एथिलीन, प्रोपिलीनसारखे वायू) बनवणाऱ्यांना तेच चालतं, कोक हळू बसतो, माल जास्त दिवस टिकतो. म्हणून आता कुणी 'चांगला बाइंडर कोणता' विचारलं की मी आधी विचारतो, रिअॅक्शन कुठली, वाफ आहे का, रीजनरेशन, म्हणजे कोक जाळून माल परत ताजा करणं, कितीदा. लोकांना वाटतं टाळतोय.

सध्या मित्राला बाइंडरलेसचं वेड लागलंय, म्हणजे सिलिकाने बांधलेली कांडी टेम्प्लेटच्या, म्हणजे झिओलाइटची छिद्रं घडवणाऱ्या रसायनाच्या, वाफेत ठेवून त्या सिलिकाचंच झिओलाइट करायचं. बऱ्याच कांड्या ऑटोक्लेव्हमधून (दाबाखाली तापवायच्या बंद भांड्यातून) बाहेर येतात त्या हात लावला की भुगा. ज्या टिकल्यात त्या त्याने एका बाटलीत भरून माझ्या टेबलावर आणून ठेवल्यात, आणि खलबत्ता स्वतःकडे ठेवलाय, म्हणतो तू कुटशील.