गट नंबर नसलेली नोंद

माळरानावरच्या वनरक्षकाचे काम बाहेरच्यांना वाटते त्यापेक्षा पुष्कळ नीरस असते. आत शिरलेली मेंढरे बाहेर काढायची, कुंपणाची तुटलेली तार बांधायची, उन्हाळ्यात टँकरने पाणवठे भरून घ्यायचे आणि जाळरेषा, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्या, राखायच्या. त्याखेरीज दर पावसाळ्यात रोपे घेऊन येणाऱ्या उत्साही मंडळींना समजवायचे, हेही एक कामच आहे. महसुली दप्तरात माळाला ‘पडीक’ म्हटले की सगळ्यांनाच तिथे झाडे लावावीशी वाटतात. कुसळी आणि पवन्या गवताचा हा माळ मुळात उघडा असतो म्हणूनच काळवीट, लांडगा आणि धाविक, माळढोक हे पक्षी येथे राहतात, हे सांगून माझा घसा बसला आहे.

माझे बीट, म्हणजे मला नेमून दिलेला गस्तीचा भाग, सोलापूर जिल्ह्यातील माळढोक अभयारण्यात आहे. ज्या पक्ष्याच्या नावाने हे अभयारण्य आहे, तो पाहायला मिळाला नाही अशी वर्षेच्या वर्षे येथे जातात. देशभरात आता दीडशेच्या आतच माळढोक उरले असून त्यांतले बहुतेक जैसलमेरकडे आहेत. लोक कळवतात ते ‘माळढोक’ बहुधा लांडोरी निघतात. त्यामुळे श्रावणातल्या त्या सकाळी तारेपलीकडच्या रानात माळटिटव्यांनी एकाएकी गलका केला, तेव्हा कोल्हा असेल असे समजून मी दुर्बीण लावली.

साडेतीनशे मीटरांवर, उडिदाच्या आणि कोवळ्या तुरीच्या तासांमधून एक फिकट मान चालत होती. लांडोर चालते ती मान पुढेमागे हलवत. ही मान ताठ होती, चोच किंचित वर उचललेली होती आणि प्रत्येक पाऊल घाई नसलेल्या माणसासारखे पडत होते. डोक्यावर काळपट टोपी होती, छातीवर नराचा ठसठशीत काळा पट्टा नव्हता. मादी! मी मोबाईलवर दोन छायाचित्रे घेतली. त्यांत ती ज्वारीच्या दाण्याएवढी दिसते. अकरा मिनिटांनी ती बांधाआड उतरली, आणि पुढच्या क्षणी संथ, जड पंख मारत पश्चिमेकडे निघून गेली. जाताना वाटेतल्या विजेच्या तारांवरून ती किती उंचीवरून गेली, हे मी श्वास रोखून पाहिले. या पक्ष्याचे डोळे बाजूंना असल्याने त्याला नेमके समोरचे नीट दिसत नाही आणि वजनामुळे ऐनवेळी वळताही येत नाही. तिथे तारांना तिने जेमतेम चुकवले.

मग मी कुंपणाची तार ओलांडून ठसे शोधायला गेलो. या गोष्टीचा मला अभिमान आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मोराच्या आणि लांडोरीच्या ठशात पुढची तीन बोटे आणि मागे चौथ्या बोटाची खूण उमटते. माळढोकाला मागचे बोट नसतेच, त्यामुळे त्याचा ठसा तीन जाड, आखूड बोटांचा आणि मागे बोथट असतो. आदल्या रात्री शिरवा पडून गेला होता आणि बांधाच्या पोटाला थोडी काळी माती होती. तेथे मला ओळीने सात ठसे मिळाले. दोन तर इतके स्वच्छ होते की बोटांखालच्या गाद्याही मोजता आल्या असत्या. मी शेजारी पेन ठेवून छायाचित्र काढणार, एवढ्यात मागून आवाज आला.

“साहेब, काय सापडलं?”

शेतमालक आबा माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत. मी आनंदाच्या भरात सगळे सांगून टाकले. ते खाली बसले, ठशाकडे बघत राहिले आणि म्हणाले, “मला म्हाईत हाय. तीन दिस झालं येतीय. पण आमच्या रानात दिसली म्हणून लिहू नका. गट नंबर तर अजिबात टाकू नका.”

त्यांचे म्हणणे नुसता अडाणीपणा म्हणून उडवून लावता येत नाही. १९७९ मध्ये हे अभयारण्य घोषित झाले तेव्हा त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते. करमाळा, माढा, मोहोळ, नगरकडचे कर्जत आणि श्रीगोंदा अशा तालुक्यांतली गावेच्या गावे त्यात आली, आणि प्रत्यक्षात पक्ष्यासाठी राखलेले गवताचे तुकडे मात्र त्यात इकडेतिकडे विखुरलेले होते. पुढे क्षेत्र घटवून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले, पण तोवर एका पिढीचे जमिनीचे व्यवहार अडकून पडले होते. “बापाच्या आजारपणात दोन एकर इकायला काढली, तर घेणारा म्हणला, पाखराची जमीन नको,” आबा म्हणाले. मी त्यांना सांगितले की एका नोंदीने आता तसे काही होत नाही. ते म्हणाले, “तवाबी असंच सांगितलं व्हतं.”

आमच्या ॲपमध्ये नोंद पडते ती निरीक्षक उभा असेल त्या जागेची. पक्ष्याची दिशा आणि अंतर वेगळ्या रकान्यांत भरायचे असते. मी पुन्हा तारेच्या आत आलो, पहिल्यांदा जेथे उभा होतो तेथे थांबलो आणि ‘प्रत्यक्ष दर्शन, मादी, १’ असे भरले. दिशा आणि अंतर कोरे सोडले. एकही शब्द खोटा लिहिला नाही. ठशांचे छायाचित्र मात्र राहूनच गेले, आणि दुपारी परत गेलो तेव्हा त्या बांधालगत कोळपे फिरलेले होते. आबांनी ते मुद्दाम फिरवले की कोळपणीचा दिवसच होता, हे मी विचारले नाही.

नकाशावर तो ठिपका राखीव गवताच्या मधोमध बसला. बैठकीत एका वरिष्ठांनी त्यावर बोट ठेवून, कुंपणाच्या आतला अधिवास सुधारल्याचा हा पुरावा आहे, असे सांगितले आणि मी मान डोलावली. प्रत्यक्षात ती आमच्या गवतात नव्हे, कुणीतरी पिकवलेल्या उडिदात किडे वेचत होती. तेही एक वेळ चालले असते. पण विजेच्या तारांवर पक्ष्यांना दिसतील अशा चकत्या बसवण्याची मागणी करायची, तर त्या वाहिनीखाली माळढोकाचा वावर असल्याची नोंद लागते. त्या वाहिनीखाली अशी नोंदच नाही. माझ्याच हाताने ती चारशे मीटर पूर्वेला सरकलेली आहे. दुरुस्ती करावी तर गट नंबर द्यावा लागेल, आणि दिलेला शब्द मोडावा लागेल. वर्षातून एकच अंडे घालणारा पक्षी आहे हा. त्यातली एक मादी तारेला आदळली तर आबांचा शब्द मी कोणाला ऐकवणार आहे?

तेव्हापासून रोजच्या फेरीत मी मुद्दाम वाट वाकडी करून त्या खांबांच्या ओळीखालून चालत जातो आणि पिसे पडली आहेत का ते पाहतो. आबा बहुधा माझ्याआधी तेथून फिरून आलेले असतात. बांधावरूनच हात हलवून ते ‘काही नाही’ अशी खूण करतात.